उकिडवं बसता येतं का?

'ट्रक-जीपची धडक, तीन ठार, सात जखमी.' ही बातमी आपल्याला इतकी पाठ झालीय की आपण फक्त गावाचं नाव वाचतो. आपल्या ओळखीपाळखीतलं नसलं की पान उलटतो. त्यातल्या तिघांचं पुढं काय झालं ते संध्याकाळपर्यंत समजतं. मुख्यमंत्र्यांनी शोक व्यक्त केला, वारसांना मदत जाहीर झाली, पालकमंत्री भेट देऊन गेले. त्या सात जणांचं मात्र कुठल्याच अंकात काही छापून येत नाही. त्यांच्यावर 'उपचार सुरू आहेत' आणि बातमीपुरते ते कायमचे सुरूच राहतात.

2022 साली देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली आणि 4,43,366 जखमी झाली. आकडा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा, म्हणजे पोलिसांच्या वहीत चढलेल्यांचाच. मेलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागत नाही. जखमीला लागतं. तेही ज्या पायावर उभं राहता येत नाही म्हणून तो कोर्टात आलाय, त्याच पायावर.

पहिलं कोर्ट अर्थात रस्त्यातच भरतं. न्यायाधीश म्हणून पानटपरीवाला, एक रिक्षावाला, दोन बेकार पोरं आणि 'मी सगळं डोळ्यांनी पाहिलंय' म्हणणारे एक गृहस्थ, ज्यांची त्या वेळी रस्त्याकडे पाठ होती. इथला कायदा सुटसुटीत आहे: ज्याची गाडी मोठी त्याची चूक. ट्रक आणि कार असेल तर ट्रकची, कार आणि मोटारसायकल असेल तर कारची. चालक पळाला तर तो गुन्हेगार, आणि थांबला तर मार खाणार. निकाल तिथल्या तिथं लागतो. 'जाऊ द्या, दवाखान्याचे पाच हजार द्या आणि विषय मिटवा. पोलीस केस कशाला?' दोन्ही बाजू सुटकेचा निःश्वास टाकतात. मांडवली होते. एक्स-रे दुसऱ्या दिवशी निघतो आणि त्यात मांडीचं हाड दोन ठिकाणी गेलेलं दिसतं. आता पाच हजारवाला फोन उचलत नाही.

दुसरं कोर्ट खरं. त्याचं नाव मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, पण एवढं लांब नाव कुणी घेत नाही. 'क्लेम टाकला का?' एवढंच विचारतात. कागदावर हा कायदा जखमीच्या फारच प्रेमात आहे. 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल द्यायचा आणि 90 दिवसांत तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणापुढे ठेवायचा. त्या अहवालालाच दाव्याचा अर्ज मानता येतो. म्हणजे तुम्ही प्लॅस्टरमध्ये पडून राहा, तुमचा दावा आपल्या पायांनी कोर्टात जाईल. प्रत्यक्षात तुमचा भाऊ पंचनाम्याच्या नकलेसाठी ठाण्यात जातो आणि त्याला सांगण्यात येतं की साहेब बंदोबस्तात आहेत. आपल्याकडे बंदोबस्त कशाचा ना कशाचा असतोच. गणपती झाले की नवरात्र आणि नवरात्र झालं की निवडणूक.

पोलिसांना वेळ नसला तरी वॉर्डात वेळेवर येणारा एक माणूस असतो. खाटेची चादर बदलायच्या आत तो हजर. हातात फाइल, खिशात दोन पेनं, चेहऱ्यावर घरच्या माणसाची काळजी. 'काका, तुम्ही फक्त सह्या करा. बाकी आपली माणसं बघतात. आधी एक रुपया नको.' नंतर किती, ते तो तोंडाने सांगत नाही, बोटं दाखवतो. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई केलेली आहे. त्यामुळे हिस्सा असा शब्द कुणीच वापरत नाही. खर्चपाणी म्हणतात.

आता खुद्द हिशेबाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथं आहे.

समजा, एक फरशी मिस्त्री आहे. वय 34. दिवसभर उकिडवं बसून, गुडघ्यांवर सरकत सरकत लोकांच्या घरात व्हिट्रिफाइड टाइल्स बसवतो. मागून टेम्पोने उडवलं आणि उजवा गुडघा कामातून गेला. ऑपरेशन, सळई, सहा आठवडे झोपून. शेवटी डॉक्टरांनी दाखला दिला: पायाचं अपंगत्व 60 टक्के, संपूर्ण शरीराच्या मानानं 20 टक्के. दाखला खोटा नाही. मिस्त्री चालतो, बोलतो, चहा पितो, थोडं लंगडतो. शंभरातले ऐंशी मार्क शाबूत आहेत.

कमाई महिना 15,000 धरली. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के धरून 21,000. वर्षाचे झाले 2,52,000. चौतीस वयाला गुणक 16, हा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली पक्का करून दिलेला आहे. गुणाकार येतो 40,32,000. त्याचे 20 टक्के 8,06,400. नमस्कार, पुढची केस.

पण या मिस्त्रीला उकिडवं बसता येत नाही. आणि उभ्याने फरशी बसवणारा मिस्त्री अजून जन्माला यायचाय. म्हणजे चालण्याबोलण्यापुरता तो 80 टक्के शाबूत आणि पोटापाण्यापुरता शून्य. हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या एका निकालात स्वच्छ सांगून ठेवलंय: शरीराचं अपंगत्व निराळं आणि कमाईचं निराळं. डावा हात गेलेल्या कारकुनाची नोकरी चालू राहू शकते, पण तोच हात ड्रायव्हरचा किंवा सुताराचा असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्णच बुडते. त्यामुळे टक्के दाखल्यावरून उचलायचे नाहीत, माणूस काय काम करत होता ते विचारायचं. तसं विचारलं आणि मिस्त्रीचे टक्के शंभर धरले की रक्कम 40,32,000. दोन आकड्यांमध्ये फरक 32,25,600 रुपयांचा, आणि तो पडतो एका प्रश्नामुळं. साक्षीला आलेल्या डॉक्टरला वकिलाने एवढंच विचारायचं: 'डॉक्टरसाहेब, यांना उकिडवं बसता येईल का?'

हा प्रश्न बऱ्याचदा विचारलाच जात नाही. पहिलं कारण, डॉक्टर येत नाहीत. त्यांची ओपीडी असते, ऑपरेशनं असतात, आणि कोर्टात आले तर 'आज बोर्डावर वेळ नाही, पुढची तारीख' ऐकून परत जावं लागतं. उपचार न करता तयार दाखला देणारे डॉक्टर मात्र वेळेवर येतात. अशांच्या साक्षीबाबत जपून राहा, असं त्याच निकालात न्यायाधिकरणांना बजावलेलं आहे. दुसरं कारण, वकिलाच्या टेबलावर त्या दिवशी अशाच आणखी केसेस असतात आणि सगळ्या अर्जांतले गुडघे एकाच संगणकातून छापून निघालेले असतात. अर्जदाराचं नाव बदललंय, पण चौथ्या परिच्छेदात आधीच्या अर्जदाराचा डावा खांदा तसाच राहिलाय, असंही होतं.

बरं, 15,000 तरी कुठून सिद्ध करायचे? मिस्त्रीला पगाराची स्लिप कोण देणार? तो म्हणतो, कामाच्या दिवशी आठशे सुटतात, महिन्याचे पंधरा हजार पडतात. भरपाई ज्या विमा कंपनीनं द्यायची तिचे वकील सौजन्यमूर्ती असतात. ते उठून विचारतात, 'तुमच्याकडे रेशनकार्ड आहे ना? कुठल्या रंगाचं?' पिवळं. पिवळं म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 15,000 च्या आत, हे आख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे. वकील हळूच बसतात. जो आकडा मिस्त्री महिन्याचा सांगतो तोच आकडा सरकारदरबारी त्यानं वर्षाचा लिहून दिलाय, सहीनिशी. पोराच्या फी-माफीसाठी काढलेला तहसीलदारांचा दाखला मग शेवटचा खिळा ठोकतो.

इथं मिस्त्रीला हसणाऱ्या मध्यमवर्गीयांनी जरा थांबावं. क्लिनिकमधला, दुकानातला, क्लासमधला जो पैसा आपण रिटर्नमध्ये दाखवत नाही, तो अपघातानंतरही दिसत नाही. आयुष्यभर ज्या चतुर माणसानं चार्टर्ड अकाउंटंटच्या मदतीनं स्वतःला गरीब ठेवलं, त्याच्या पायाची किंमत कोर्ट त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवून ठरवतं. यात अन्याय कुठं शोधायचा? पिवळ्या कार्डाचं निराळं आहे. पोटाला धान्य मिळावं म्हणून लिहिलेला आकडा आणि फ्लॅट घेताना लपवलेला आकडा मी तरी एका रांगेत बसवणार नाही. विमा कंपनीचे वकील बसवतात, त्यांना तेवढ्याचीच फी असते.

खर्चाच्या पावत्यांचं प्रकरण तर स्वतंत्र लेखाचं. दाव्यात 'विशेष आहार' नावाचा एक रकाना असतो. म्हणजे हाड जुळावं म्हणून घेतलेलं दूध, अंडी, शहाळी. पुरावा? कोपऱ्यावरचा शहाळेवाला कोयता खाली ठेवून पावतीबुक काढेल अशी कल्पना करून बघा. फिजिओथेरपीला नेणारा रिक्षावाला मीटर टाकत नाही, तो बिल देणार? आणि महिनाभर उशाशी बसून ज्या आईनं भांडं दिलं-घेतलं, तिचं बिल कुठल्या लेटरहेडवर घ्यायचं? न्यायाधीश अंदाजाने काही रक्कम धरतात, आणि बहुतेक न्यायाधीश भले असतात हे सांगितलंच पाहिजे. पण अंदाज तो अंदाज.

आईवरून आठवलं. 'बायको काय करते?' 'काही नाही, घरीच असते.' हा संवाद आपल्याकडे लग्नाच्या बोलणीपासून बँकेच्या फॉर्मपर्यंत कुठंही ऐका. या घरीच असणाऱ्या बाईला गाडीने उडवलं आणि क्लेम टाकायची वेळ आली की नवऱ्याला एकाएकी साक्षात्कार होतो. प्रतिज्ञापत्रात तो लिहून देतो: ही पहाटे पाचला उठते, पाणी भरते, डबे करते, सासूबाईंना इन्सुलिन देते, मुलांचा अभ्यास घेते, उन्हाळ्यात पापड-कुरडया-मसाले करते, शिवाय फॉल-पिको करते. वीस वर्षांत त्या बाईच्या कामाची ही पहिली यादी, आणि ती प्रतिज्ञापत्रावर. कायदाही फार वेगळा नव्हता. 1994 पासून 2018 पर्यंत मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात न कमावत्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरलेलं होतं. म्हणजे नवऱ्याला बढती मिळाली की बायकोच्या पोळ्या महाग! जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्याच 2019 च्या सर्वेक्षणातले आकडे पुढं ठेवले: घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालते आणि घरकाम करणारा पुरुष 97. (ही 97 मिनिटं कशात जातात ते सांगितलेलं नाही. बहुधा 'मिठाचा डबा कुठाय?' विचारण्यात.) फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायालयाने आणखी बजावलं की गृहिणीचं उत्पन्न रोजंदारीच्या मजुरापेक्षा कमी धरता येणार नाही. एवढं सांगायला सर्वोच्च न्यायालय लागलं, यात आपण काय ते समजावं.

ही बाई उडवली गेली ती निदान दुसऱ्याच्या गाडीने. ती नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसलेली असती, नवऱ्याचीच चूक असती आणि पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची असती, तर विमा कंपनीने हात वर केले असते. सर्वोच्च न्यायालयाने 2006 सालीच सांगितलंय की तशा पॉलिसीत दुचाकीवर मागे फुकट बसलेला माणूस येत नाही. नवऱ्याकडून तिकीट कोण घेतं? दर वर्षी ऑनलाइन पॉलिसी काढताना शेवटी जो जास्तीचा चौकोन असतो, ज्यावरची खूण आपण शे-दोनशे वाचले म्हणून आनंदाने काढतो, त्यात कधीकधी बायको बसलेली असते.

आणि टेम्पोतलं वऱ्हाड? मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हेही या शतकाच्या सुरुवातीलाच ठरलेलं आहे. म्हणजे चाळीस पाव्हणे, दोन करवल्या आणि रुखवत यांपैकी कायद्यानं त्या गाडीत बसायचा अधिकार फक्त रुखवताला. जखमी करवलीला निकाल मिळतो, पण तो टेम्पोच्या मालकाविरुद्ध. मालकाकडे एकच टेम्पो, तोही हप्त्यावर घेतलेला, आणि अपघातात चेपलेला. चौकटीत लावायला निकाल उत्तम असतो.

आता मुदतीचा विनोद. 1988 च्या कायद्यात दावा करायला सहा महिन्यांची मुदत होती. गरीब माणसाला ती पुरत नाही म्हणून 1994 साली काढून टाकली. 2019 च्या दुरुस्तीनं ती परत आणली आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू केली, या वेळी उशीर माफ करायची खिडकीही न ठेवता. सळई घातलेल्या पायाचं कायमचं अपंगत्व किती, हे डॉक्टर ताबडतोब सांगत नाहीत. ते म्हणतात, 'सहा-आठ महिन्यांनी या, मग बघू.' कायदा म्हणतो, सहा महिन्यांत या, नंतर बघणार नाही. अर्ज आधी टाकून दाखला मागाहून देता येतो, पण हे सांगणार कोण? तर तो दोन पेनंवाला. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका, असं न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये बजावलंय. तरीही ज्यांना पाय मोडून घ्यायचाय त्यांनी कॅलेंडरही सोबत ठेवावं.

गाडी धडकून पळून गेली, नंबर कुणी पाहिला नाही, तर? त्यासाठीही योजना आहे. मृत्यू झाला तर 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000. आधी हे आकडे 25,000 आणि 12,500 होते. अर्ज तहसील-प्रांताच्या कचेरीत करायचा. ही योजना इतकी गुप्त ठेवलेली आहे की कचेरीत विचारलं तर तिथलाच माणूस 'असं काही असतं का?' म्हणून आपल्याला विचारतो.

कुणीच धडकलं नाही, रस्ताच धडकला, असंही आपल्या राज्यात होतं. खड्ड्यात मोटारसायकल गेली, माणूस पडला. समोर गाडी नाही, म्हणून विमा कंपनी नाही. खड्ड्याला नंबरप्लेट नसते. अशा वेळी पडणाऱ्यावरच बेदरकारपणे वाहन चालवल्याचा गुन्हा नोंदवल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे खड्डा जागेवर शांत बसला होता, हाच जाऊन त्याच्या अंगावर पडला. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यात मेलेल्याच्या वारसांना 6 लाख आणि जखमीला दुखापतीप्रमाणे 50,000 ते अडीच लाख देण्याचा आदेश दिला. पैसे पालिकांनी द्यायचे, मग ठेकेदार आणि अधिकाऱ्यांकडून वसूल करायचे. आदेश चांगला आहे. रक्कम ठरवायच्या समितीत मात्र पालिकेचे आयुक्तही बसणार, सोबत विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. खड्डा पालिकेचा, समितीत पालिका आणि दाराशी कुबड्या घेतलेला अर्जदार. निदान ते दार पहिल्या मजल्यावर नसावं, लिफ्ट बहुतेक बंद असते.

एवढं सगळं पार करून निकाल लागतो. लोक अदालतीत लागला तर लवकर लागतो, कारण तिथं जखमीला समजावतात: 'बाबा रे, आत्ता सहा घे. लढलास तर बारा मिळतील, पण हायकोर्टातून येईपर्यंत तुझा पोरगा क्लेम चालवत असेल.' तो सहा घेतो. फोटो निघतो, 'विक्रमी प्रकरणे निकाली'. एसटीच्या अपघातातला अर्जदार असेल तर कधीकधी वेगळाच सोहळा होतो. रक्कम वेळेत भरली नाही म्हणून बेलीफ स्टँडवर जप्तीचं वॉरंट घेऊन येतो आणि बस जप्त होते. अशा बातम्या अधूनमधून येतात. त्या बसमध्ये बसायला निघालेल्या प्रवाशांचा त्या दिवशी काय अपराध, हे विचारायचं नसतं.

आणि या सगळ्याच्या टोकाला जे आहे ते मला कळल्यावर दोन दिवस पचलं नाही. भरपाईचे शेकडो कोटी रुपये देशभरातल्या न्यायाधिकरणांत आणि कामगार न्यायालयांत पडून आहेत. मंजूर झालेले, जमा केलेले, घ्यायला कुणी न आलेले. गुजरातमधल्या एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांनी हे कळवल्यावर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हातात घेतलं. एप्रिल 2025 मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने आदेश दिला: अर्जातच आधार, पॅन, बँकखातं घ्या, पडून असलेल्या रकमांची माहिती संकेतस्थळावर टाका, विधी सेवा प्राधिकरणाची माणसं पाठवून अर्जदार शोधून काढा. कारण निकाल लागेपर्यंत अर्जदारानं भाड्याची खोली बदललेली असते, वकील बदललेला असतो, मोबाइल नंबर तर बदललेला असतोच. काही जण निकालाची वाट बघत बघत वारलेले असतात. काहींना निकाल लागलाय हेच ठाऊक नसतं.

आता ही शोधाशोध सरकारी माणसं करणार, बंदोबस्त संपला की. मला वाटतं एवढा खटाटोप कशाला? ज्या दोन पेनंवाल्यानं बेशुद्ध माणसाचा वॉर्ड, खाट आणि मेव्हण्याचा फोन नंबर एका रात्रीत काढला होता, त्यालाच कंत्राट द्या. फक्त पगारावर ठेवा, खर्चपाण्यावर नको.